चिमामावशींची तिळाची भाकरी

चिमामावशी आमच्याकडे आल्या की आधी चपला उंबऱ्याशी जुळवून ठेवतात, मग हाक मारतात. त्या दिवशी मात्र चपलांसकट आत आल्या.

"पोरी, टीव्ही लाव. आमचा रिचार्ज संपला आन् आमदार मधीच राह्यले!"

टीव्हीवर विधानसभा चालू होती. निवडणुकीचे नियम मोडणाऱ्यांना काय शिक्षा असावी, यावर वाद पेटला होता. एक आमदार म्हणत होते, मतदारांना जेवण घालणाऱ्याला सरळ तुरुंगात टाका. दुसऱ्यांचं म्हणणं, तुरुंग नको, सहा वर्षं निवडणूकबंदी करा. तिसरे उठून म्हणाले, "मग खाणाऱ्याचं काय? त्याला मोकळं सोडायचं?" त्यावर सगळेच उभे राहिले आणि कामकाज थांबलं.

मावशी मटकन खाली बसल्या. "म्हंजी आता मी भाकरी न्यायची का न्हाई?"

मावशींचा प्रश्न कळायला आमचं आणे गाव ठाऊक पाहिजे. पौषात आमच्या देवळात आमटी-भाकरीचा प्रसाद असतो. आमटी देवळाच्या आवारात मोठमोठ्या कढयांत शिजते आणि भाकरी घराघरातून जाते. बायका डोक्यावर पाट्या घेऊन निघतात, देवळात एकच ढीग होतो आणि सगळी पंचक्रोशी त्यातून जेवते. मावशी आळे गावच्या बागायतीतून लग्न होऊन या कोरड्या पठारावर आल्या, तेव्हापासून त्यांच्या घरची पाटी चुकलेली नाही. दुष्काळात टँकरच्या पाण्यात पीठ मळलं, पण पाटी गेली. त्यांच्या भाकरीला वरून तीळ लावलेले असतात आणि ती परातीएवढी मोठी असते. ढिगात ती लांबूनही ओळखू येते.

यंदा घोळ असा झाला की त्यांची सून सोनल ग्रामपंचायतीला उभी राहिली. मतदान प्रसादानंतर आठवड्यानं. म्हणजे उमेदवाराच्या घरची भाकरी मतदारांच्या पोटात जाणार.

त्यांचा मुलगा दादाभाऊ जुन्नरच्या तहसील कचेरीत जाऊन विचारून आला. तिथे एक साहेब म्हणाले, देवाचं काम आहे, खुशाल न्या. जिन्यात भेटलेले दुसरे म्हणाले, उमेदवाराचं घर आहे, कशाला धोका घेता?

"न्यायची तर ने, पण तीळ नको लावू," दादाभाऊनं तोडगा काढला. "कुणाला कळणार न्हाई कुणाची ते."

"चोरून करतेय का मी?" मावशी उसळल्या. "आन् बिनतिळाची नेली तर लोक म्हणतील, सून उभी राह्यली तर म्हातारीनं हात आखडला!"

देवळाचं बघणारे कुशाबा तर म्हणाले, "पाटी आली न्हाई तर माजलात असं म्हणंल गाव. मग कशाला पडतंय मत?"

नेली तर सोनलची उमेदवारी जायची भीती, नाही नेली तर सोनलची मतं जायची. मी राज्यशास्त्र घेऊन बी. ए. केलंय हे मावशींना पक्कं ठाऊक, म्हणून त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला एवढंच सुचलं की देऊळ काही मतदार नाही. पण देवळात जेवणारे झाडून सगळे मतदार. हे बोलून मी त्यांना आणखीच गोंधळात टाकलं.

प्रसादाच्या आदल्या दिवशी दुपारी मी मावशींच्या पडवीत बाजरी चाळत होते. तेवढ्यात मागच्या दारानं गोजरबाई आल्या. त्यांची सून तेजस्विनी सोनलच्या विरोधात उभी होती. मावशी आणि गोजरबाई बहिणींसारख्या मैत्रिणी, पण सुनांनी अर्ज भरल्यापासून एकमेकींना बघून पदर सावरत, एवढंच बोलणं उरलेलं.

"चिमे, तू उद्या पाटी नेणारेस का?"

"तुला कशाला पाह्यजे? तक्रार करायचीय?"

"अगं, कसली तक्रार! मलाच कळंना. आमचा नातू सार्थक मोबाईलवर एक सांगतो, टीव्हीवर दुसरंच."

दोघी चुलीपाशी बसल्या. मग गोजरबाईच म्हणाल्या, "तू माझी पाटी ने, मी तुझी नेते. म्हंजी आपल्या घरचं आपण कुणालाच घातलं न्हाई."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते माझं मलाही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत पाट्या निघाल्या. मावशींच्या डोक्यावर गोजरबाईंच्या पातळ, बिनतिळाच्या भाकरी. गोजरबाईंच्या डोक्यावर मावशींच्या. कुशाबांनी ढिगापाशी गोजरबाईंची पाटी उतरवून घेतली आणि ते मोठ्यानं म्हणाले, "आगं गोजरे, चिमीवाणी तीळ लावलंस व्हय यंदा? लई भारी!"

गोजरबाई लाजून नुसत्या हसल्या. पंगतीत शब्द फिरला. तेजस्विनीच्या घरानं यंदा काय भाकरी केलीय राव! एक पाहुणा तर चक्क म्हणाला, असं घर निवडून यायला पाहिजे.

मावशी माझ्या शेजारी आमटी वाढत होत्या. पळी हवेतच थांबली. सोनलनं त्यांचा हात धरला. "आत्या, गप राव्हा. ही भाकरी आपली म्हणालात तर प्रचार व्हईल."

"आन् न्हाई म्हणलं तर?"

"तर तेजस्विनीचा होतोय."

मावशींनी ओठ घट्ट मिटले आणि त्या पाहुण्याच्या पानात आमटी ओतली, जरा जास्तच.

संध्याकाळी गोजरबाईंनी पाटी परत पाठवली. आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. पाटीत फडक्यात बांधलेले तीळ होते, मावशींनी खर्च केले त्याहून अधिक.

मावशी गाठ न सोडताच, सोनलला आणि एक रिकामा डबा घेऊन माझ्याकडे आल्या. "हे विरोधकाच्या घरचं. घेतलं तर खाणारी मी. परत दिलं तर गोजर आयुष्यात बोलायची न्हाई. काय ठरलं तुझ्या आमदारांचं?"

"समिती नेमली म्हणे."

"समितीत बायका हायेत का?"

मी मोबाईलवर शोधू लागले.

मावशींनी तीळ तसेच बांधलेले डब्यात टाकले, झाकण दाबलं आणि सोनलला बजावलं, "निकाल लागंपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई. मग दोघींच्या घरी मिळून लाडू करू. कुणी का निवडून यीना."

चपला घालता घालता त्या उंबऱ्यातून वळल्या.

"पण पोरी, खाल्लं न्हाई, नुसतं डब्यात ठिवलं, तर ते चालतं का गं?"