मिठाच्या दोन प्रती

तीस वर्षं ठाण्याच्या सरकारी ऑफिसात घासली. खुर्ची सरकारची, फायली साहेबाच्या. आपले म्हणायला राहिले ते किस्से! एक सांगायला घेतला की मागून चार धावत येतात. पण सगळ्यात झकास त्या वर्षाचे, जेव्हा दिल्लीनं चक्क आम्हाला विचारलं!

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झालेली. शेजारच्या देशांशी करार करायचा, एकमेकांच्या मालावरचा कर काढून टाकायचा, अशी बोलणी निघालेली. त्याआधी लोकांचं मत घ्या, असा हुकूम आला. लोकांचं! अरे, कालपर्यंत साहेबासमोर खोकायची चोरी, आणि आज सरकार विचारतंय, तुमचं काय म्हणणं आहे? आम्ही कारकून नुसते हरखून गेलेलो. आमच्या लेलेसाहेबांनी दारावर पाटी लावली : 'सूचना व हरकती लेखी, पुराव्यासह, दोन प्रतींत द्याव्यात.'

* * *

पहिलं कार्ड कल्याणच्या एका बाईंचं. 'ब्रह्मदेशचा तांदूळ जरूर येऊ द्यावा. कर लावा, न लावा, खडे मात्र तिकडेच काढून घ्यावेत.'

साहेबांनी शेरा मारला, 'सूचना स्तुत्य. दुसरी प्रत मागवावी.'

मागवली. ती बाईंच्या जावेनं लिहून पाठवली. शब्दन् शब्द तोच, फक्त खाली एक ओळ जास्तीची : 'आमच्या जाऊबाई तांदूळ निवडायला कधीच बसत नाहीत, मीच बसते!'

दोन्ही कार्डं फायलीला लागली.

* * *

डोंबिवलीचे जोशी मास्तर स्वतः आले. काखेत बेचाळीस पानं! म्हणाले, "अक्षर लागायचं नाही तुम्हाला, मीच वाचतो." सुरुवात कुठून, तर तीन हजार वर्षांपूर्वीच्या फिनिशियन व्यापाऱ्यांपासून! साहेबांचा चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. शेवटी साहेबांनी हात जोडले.

"मास्तर, एवढंच सांगा, तुम्ही कराराच्या बाजूचे की विरुद्ध?"

"ते दुसऱ्या खंडात येईल!"

* * *

आणि मग आले धर्माजी. कोपरीपलीकडच्या मिठागरावर राबणारे, साठीचे, पायांना मिठानं भेगा पडलेल्या. दारातूनच म्हणाले, "सायब, भायेरचं मीठ बिनकराचं आलं तं आमची मिठागरं बंद! गावानं मग जायाचं कुठं?"

मी म्हटलं, "हेच लिहून द्या."

"लिवता येत नाय. पुरावा आनलाय."

पुरावा म्हणजे फडक्यात बांधलेलं मीठ! मी हात पुढे केला, तर ते दोन पावलं मागे सरले. "हातावर नाय देत मीठ, भांडान व्हतं!" आणि पुरचुंडी हळूच टेबलावर ठेवली. मग काखेतून आणखी एक काढली, तेवढीच, तशाच गाठीची.

"ही कशाला?"

"दोन प्रती पायजेत ना? ही तुमची, ही दिल्लीची!"

ऑफिसात हशा पिकला, पण नियम म्हणजे नियम. मी दोन्ही पुरचुंड्यांना नंबर घातले, तारखेचा शिक्का मारला आणि पोच दिली. ती त्यांनी टोपीत ठेवली. जाताना विचारलं, "दिल्लीवाले चाखतील ना?"

* * *

दोन्ही प्रती फायलींच्या कपाटात, वरच्या फळीवर. दिवस श्रावणाचे, हवा दमट. महिन्याभरानं कपाट उघडतो तर काय! मिठाला पाणी सुटलेलं, शिक्क्याची शाई ओघळलेली आणि खाली सगळी जनता भिजलेली!

साहेब कडाडले, "हे काय आहे?"

"सर, प्रकरण ओलं झालंय."

जावा-जावांची कार्डं उन्हात वाळवली. जोशी मास्तरांच्या बेचाळीस पानांचा मात्र लगदा. मी घाबरत घाबरत डोंबिवलीला कळवायला गेलेलो. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग डोळे चमकले हो त्यांचे!

"बरं झालं! नाहीतरी मला इजिप्त वाढवायचंच होतं."

* * *

गणपती झाल्यावर हरकती ऐकायला दिल्लीची समिती ठाण्यात आली. सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये. काय गर्दी! लोक खिडक्यांत बसलेले. अध्यक्ष मराठीच, पण दिल्लीत मुरलेले.

धर्माजींचं नाव पुकारलं. धुतलेला सदरा, टोपीत ती पोच. त्यांनी तोंड उघडून पुरती दोन वाक्यं झाली नाहीत, तोच अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

"मीठ ना? किरकोळ बाब आहे. मीठ काय, कुठूनही येईल. पुढचं नाव घ्या."

धर्माजी खाली बसले. मला असा संताप आला! पण कारकुनाच्या संतापाला विचारतो कोण?

दुपारचं जेवण कोपरीच्या गावकऱ्यांकडे होतं. साहेबांनीच ठरवलेलं, धर्माजींच्या बायकोच्या, जनाबाईंच्या हाताची कोळंबी म्हणजे काय विचारता! ओळीनं केळीची पानं मांडलेली. तांदळाची भाकरी, वाफाळता भात, लालभडक कालवण. वास असा की अध्यक्षांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या. मी वाढायला उभा होतो. पानांकडे लक्ष गेलं आणि चरकलो. सगळ्यांत आधी वाढायचं ते मीठच एकाही पानावर नव्हतं. मी जनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प बसवलं.

अध्यक्षांनी मोठा घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. आजूबाजूला पाहिलं, तर सगळी समिती एकमेकांच्या तोंडाकडे बघतेय!

"अहो, कशातच मीठ नाही! मीठ कुठाय?"

धर्माजी हात जोडून पुढे आले.

"येतंय सायब! भायेरून निघालंय, बोटीत हाय. तवर जेवा असंच!"