अप्पांची अढी

अप्पांच्या खोलीला बाहेरून कडी बसवायची, हा निर्णय माझ्या गैरहजेरीत झाला. पुण्याच्या प्रयोगशाळेतून रजा काढून मी गावी, चकलांब्याला पोहोचले, तेव्हा सुतार चौकटीचे माप घेऊन गेला होता.

अप्पा म्हणजे माझे वडील. उभी हयात त्यांनी फळांच्या धंद्यात घालवली. आता त्यांचा फळांचा गाडा भाऊ चालवतो, घर आई बघते. स्मृतिभ्रंशाने त्यांच्याकडून मुलांची नावेही नेली. संध्याकाळ झाली की मात्र माल उतरवायचा राहिला म्हणत ते फाट्याकडे चालू लागतात.

"लोक हसतेत," भाऊ म्हणाला. "तुला काय, तू पुन्याला."

त्याचा थकवा मला दिसत होता, निष्कर्ष मान्य नव्हता. जो माणूस रोज कामाला निघतो, त्याला काम हवे असते. कोंडणे हे त्याचे उत्तर असूच शकत नाही.

स्मरणशक्तीच्या सरावासाठी मी आणलेली चित्रांची कार्डे अप्पांनी सभ्यपणे परत केली. "पोरांला दे," म्हणाले. ते मला पटले. दुसऱ्या दिवशी मी भावाच्या मालातला सीताफळांचा एक क्रेट ओसरीवर ओढला आणि शेजारी गव्हाचे काड टाकले. कच्चे फळ काडात दाबून पिकवण्याला आमच्याकडे अढी लावणे म्हणतात. अप्पांनी काड पसरले आणि एकेक फळ अंगठ्याने चाचपत त्यावर मांडत गेले. संध्याकाळ उलटली; ते उठले नाहीत.

सकाळी भावाने काड उपसले. पिकलेली फळे तळाशी होती, कच्ची त्यांच्या उरावर.

"सगळा लगदा झाला. ह्याला काम म्हनतेत का नास?"

"नास."

"मग?"

"मग अप्पा काल घरात होते."

कोणताही प्रयोग करताना काय मोजायचे हे आधी ठरवावे लागते. भाऊ फळे मोजत होता, मी अप्पांची संध्याकाळ.

तेवढ्यात अप्पांनी एक फुटके फळ त्याच्यापुढे धरले. "चाखून बघ. गोड हाय का?"

भावाने नाइलाजाने बोट चाटले. "लई गोड हाय, अप्पा."

"मग भाव सोडू नको बे."

भावाला हसू आवरले नाही. पण दुपारी सुतार कडी घेऊन आला, तेव्हा तो पुन्हा गंभीर झाला.

"सीताफळं संपल्यावर काय करशील?"

"पपई हाय, पेरू हायेत, उन्हाळ्यात आंबा. वाया जाईल तो माल माझ्या पगारातून धर."

"आन् तू गेल्यावर जवळ कोन बसनार?"

"दिवसा आई, सांजच्याला गाडा आवरून आल्यावर तू."

मी सुताराला त्याची मजुरी देऊन परत पाठवले. भाऊ उंबऱ्यात उभाच होता.

"एक दिस जरी फाट्यावर गेले ना, तर मी कडी लावीन."

"गेले तर संगं जाय," मी म्हटले. "कडी लागनार न्हाई."