आईसाठी आखलेली वाट

माझी धाकटी बहीण नाटक कंपनीत प्रॉपर्टी सांभाळते. म्हणजे प्रयोगात लागणारी पत्रं, फुलदाण्या, पिस्तुलं, खोटे दागिने, सगळं तिच्या ताब्यात. विंगेत तिचं एक लांब टेबल असतं. त्यावर पांढरा कागद पसरून ती प्रत्येक वस्तूभोवती जाड पेनाने रेघ मारते. नट कितीही मोठा असो, वस्तू वापरून झाली की त्याने ती त्याच रेघेच्या आत ठेवायची. एकदा एक बडा नट पिस्तूल खिशात घालून घरी गेला. बाईसाहेब टॅक्सी करून त्याच्या दारात! त्याला जेवणावरून उठवलं आणि पिस्तूल घेऊनच परत आल्या. तेवीस वर्षांत तिची एक वस्तू चुकलेली नाही.

आणि हिचं स्वतःचं घर? बापरे! पाय ठेवायला जागा नाही. फ्रिजवर हातोडी, पलंगाखाली छत्र्या, चष्मा एकदा पिठाच्या डब्यात सापडला होता. कुठेही निघायचं म्हटलं की आधी अर्धा तास किल्ली शोधायची. त्यात मेहुणे नाटकांचे सेट बांधणारे सुतार. तीन पायांच्या खुर्च्या, बिनपाठीची बाकं, असा सगळा संसार त्यांनी घरात आणून ठेवलेला. कशाबद्दलही विचारलं की म्हणणार, "एका दिवसाचं काम आहे." असे एकेक दिवस जोडले तर माणसाला दीडशे वर्षांचं आयुष्य कमी पडेल.

मी गोदाम सांभाळतो. माझ्या घरात टाचणीलासुद्धा डबा आहे आणि डब्यावर चिठ्ठी आहे. बहिणीकडे गेलो की माझ्या डोक्याला ताप व्हायचा. पण आमची आई राहायची तिच्याकडेच, हट्टाने.

आणि एका दुपारी आई तिथेच पडली. कुठल्याशा नाटकातला प्लास्टरचा सिंह घरातल्या बोळात ठेवला होता, त्याला अडखळून. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमधून मी आईला थेट माझ्याकडे आणलं. बहीण रोज यायची, आईच्या पायाशी बसून रडायची आणि जाताना विचारायची, "आई कधी येणार?"

तीन आठवडे मी मूग गिळून गप्प बसलो. मग एकदाचं बोललो. "शनिवारी फिजिओथेरपिस्ट बाई तुझं घर बघायला येतील. आईने वॉकर घेऊन तिथे राहणं बरं, असं त्या म्हणाल्या तर आई तुझी. नाही म्हणाल्या तर आई कायमची इथे. मग रडायचं नाही."

"चालेल," ती म्हणाली. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

खरं सांगतो, ती हरणार याची मला खात्री होती. तरी पुढे बोल नको म्हणून सोमवारी मीच तिच्याकडे बावीस प्लास्टिकचे डबे घेऊन गेलो. गोदामातली पद्धत: वायरी वायरींत, औषधं औषधांत, कागद कागदांत. दिवसभर राबलो, चिठ्ठ्या चिकटवल्या, कंबर धरली. मंगळवारी संध्याकाळी पाहतो तर अर्धे डबे उघडे, झाकणं सोफ्यावर, आणि मेहुणे "कागद" लिहिलेल्या डब्यावर बसून खिळे सरळ करतायत. आधी नुसता पसारा होता, आता पसारा अधिक बावीस डबे.

माझा असा तिळपापड झाला म्हणता! बुधवारी दुपारी तालीम चालू असताना तडक थिएटरात गेलो. विंगेत ती त्या टेबलापाशी उभी होती, एकेका वस्तूवर बोट ठेवून पुटपुटत होती. पत्र, चाकू, घंटा, चष्मा. सगळं जिथल्या तिथे. मला आणखीच चेव आला.

"हे इथे बरं जमतं तुला! मग घरी काय धाड भरते?"

"हळू बोल, तालीम चालू आहे," ती म्हणाली. मग टेबलाकडे बघत राहिली. "दादा, इथे मला माहीत असतं कोण, कुठून येणार आणि काय उचलणार. घरी मी असा विचारच केला नाही. आणि तुझ्या डब्यांनीही केला नाही."

"माझ्या डब्यांना नावं ठेवू नकोस."

"अरे, आई सकाळी उठल्या उठल्या चार गोष्टी घेते. चष्मा, गोळी, पाणी, रुमाल. तुझ्या पद्धतीने त्या चार डब्यांत गेल्या. वॉकर घेऊन ती चार डबे उघडत फिरणार का?"

मी घसा खाकरला आणि घरी आलो.

त्या संध्याकाळी तिने आईला फोन केला. "डोळे उघडल्यापासून काय काय करतेस ते सांग. सगळं सांग." आई माझ्या समोरच बसली होती. चाळीस मिनिटं बोलली. उठल्यावर आधी डावा पाय खाली ठेवते. वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचते. दुपारी खिडकीतून समोरची शाळा सुटताना बघते, म्हणून खुर्ची तिकडे लागते. तीन आठवडे ती माझ्या घरात होती आणि यातलं मला ओ की ठो माहीत नव्हतं.

पुढचे दोन दिवस बहिणीच्या घरात नाटकाची तयारी असावी तशी धमाल चालली होती. पलंगाशेजारी एक छोटं टेबल, त्यावर पांढरा कागद, कागदावर रेघा: चष्मा, गोळ्या, पाणी, रुमाल, टॉर्च. दाराशी दुसरं टेबल, किल्ली आणि पिशवीसाठी. जी वस्तू जिथे उचलायची तिथेच ठेवायची, आणि हात तिथे सहज पोचला पाहिजे. महिनाभरात ज्या वस्तूला कोणी हात लावला नाही, तिचा या प्रयोगात प्रवेश नाही, असं जाहीर करून तिने सात पोती कंपनीच्या कोठारात पाठवली. मेहुण्यांना सांगितलं, शुक्रवारपर्यंत जी खुर्ची पूर्ण होईल ती राहील. त्यांनी खरोखर एक पूर्ण केली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पहिल्यांदाच. बाकीच्या खुर्च्यांच्या मागे ते टेम्पोपर्यंत चालत गेले.

मग तिने रंगमंचावर खुणा करायची पांढरी चिकटपट्टी आणली. पलंगापासून न्हाणीघर, तिथून स्वयंपाकघर, तिथून खिडकी, अशी आईची वाट जमिनीवर आखली. रुंदी वॉकरएवढी, आणि दोन्ही बाजूंना मूठभर जागा जास्त. पट्टीच्या आत काही ठेवायचं नाही, चप्पलसुद्धा नाही. रात्री जेवायच्या आधी पाच मिनिटं घरातल्या सगळ्यांनी हातातलं काम टाकायचं आणि बोट ठेवून टेबलांवरच्या वस्तू मोजायच्या. शुक्रवारी मी आत शिरलो आणि बॅग खाली ठेवली, तर दोघं नवरा-बायको एका सुरात ओरडली, "दादा! आईच्या वाटेत!" माझी बॅग! मी, ज्याच्या घरात टाचणीला डबा आहे! हसावं की चिडावं कळेना. बॅग उचलली.

शनिवारी दहाला आईला घेऊन मी पोचलो. फिजिओथेरपिस्ट बाई आधीच आल्या होत्या. हातात मोजपट्टी, चेहऱ्यावरची माशी हलेल तर शपथ. त्या आईच्या मागे एक हात अंतरावर चालू लागल्या. पलंग ते न्हाणीघर, ठीक. न्हाणीघर ते स्वयंपाकघर, आणि दारात वॉकर अडला. दार पूर्ण उघडत नव्हतं, बोटभर जागा कमी पडत होती. बहिणीने डोळे मिटले. तिने वाट मोजली होती, दार मोजायचं राहिलं होतं.

"एका दिवसाचं काम आहे," मी खवचटपणे म्हणालो. आत्ता आठवलं तरी कानशिलं तापतात.

मेहुण्यांनी पेचकस आणला, बिजागऱ्या सोडवल्या आणि अख्खं दार उचलून बाहेर नेऊन ठेवलं. पुरती दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वॉकर आत गेला.

बाईंनी आईला पलंगावर बसवलं. "आजी, डोळे मिटा. दिवे गेले असं समजा. टॉर्च?" आईने हात लांब केला, टॉर्च हातात. "गोळ्या?" हातात. बाईंनी मोजपट्टी मिटली. "राहू द्या आजींना इथे. मी दर आठवड्याला येऊन बघेन."

बहीण मटकन खालीच बसली आणि रुमालात तोंड खुपसून रडायला लागली. मेहुणे हसत होते. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. राग आला, आणि मी तो बोलून दाखवला. बाई गेल्यावर आईसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "माझ्याकडे काय कमी होतं गं तुला? एक पेला तरी तुला उचलू दिला का आम्ही?"

"नाही दिला," आई म्हणाली. "तेच तर. मी उठले की सून म्हणते, राहू द्या आई. तू म्हणतोस, बस आई. फार प्रेमाने म्हणता रे. पण दिवसभर बसून मी कोणाची वाट बघायची?"

मला लाज वाटली, आणि आईवर माया आली, दोन्ही एकदम.

"चहा घेणार ना?" आईने विचारलं.

बहीण उठायला लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. आईने वॉकर पुढे केला, मग डावा पाय. पट्ट्यांच्या मधून ती चालत गेली. एकदा थांबली, ओट्याला टेकली, दम घेतला. माझे हात शिवशिवत होते, ते मी मांड्यांखाली दाबून धरले. पंचवीस मिनिटांनी आतून हाक आली, "कप घेऊन जा रे, तेवढं मला जमत नाही."

मी आत गेलो. चहात साखर फार पडली होती. मी दोन कप प्यायलो.