सगळं पुस्तकात आहे!

चहा ओता, सांगतो. पण कप खाली ठेवून ऐका. माझ्याइतका शहाणा माणूस अख्ख्या जळगावात नाही, हे कळल्यावर ठसका लागेल!

माझं बी-बियाण्यांचं, खतांचं दुकान. नीट चाललं होतं. मग मला अवदसा आठवली आणि मी केळीच्या लागवडीवर पुस्तक लिहिलं. छापलंही स्वतःच. लेखक झालो म्हटल्यावर वाचकानं दुकानाची पायरी झिजवायला नको? कुत्रं फिरकलं नाही. गठ्ठे पलंगाखाली गेले.

बायकोनं बजावलं, "आखाजीच्या सणाला लेक-जावई येतील. त्याआधी हे हलवा, नाहीतर रद्दीवाल्याला बोलावते."

रद्दी! माझी केळी, रद्दीत! जेवण गोड लागेना.

धुळ्याची भाची मयूरी म्हणाली, "मामा, माझ्या पॉडकास्टवर या. शेतकरी पाणी भरता भरता कानाला लावून ऐकतात. तुम्ही मोकळ्या गप्पा मारा, लोक आपणहून पुस्तक मागतील. दुकानही माहीत होईल."

लेखकानं गप्पा मारायच्या? मग पारावरच्या रिकामटेकड्यांनी काय करायचं? पण रद्दीवाला डोळ्यांपुढे आला आणि निमूट धुळ्याची एसटी धरली.

स्टुडिओ म्हणजे थोरल्या बहिणीच्या, आमच्या अक्काच्या घरातली मागची खोली. भिंतींवर गोधड्या टांगलेल्या!

"हा स्टुडिओ आहे की बाळंतिणीची खोली?"

"आवाज घुमू नये म्हणून, मामा."

टेबलावर मात्र एक झकास शाल होती. मी ओळखलं, सत्कार! मान पुढे करून उभा राहिलो. मयूरी आपली माइकशी खुडबुडतेय. हल्लीच्या पोरांना रीतभात कुठली? शेवटी मीच शाल ओढली आणि खांद्यावर घेतली. मयूरी काही बोलणार, तेवढ्यात दारातून अक्कानं तिच्यावर डोळे वटारले. मामाला टोकतात होय?

मी खाकरलो. "विचारमंचावरील मान्यवर आणि रसिक श्रोतेहो..."

मंचावर मयूरी आणि एक मांजर. आभार मानता मानता मांजर उठून गेलं.

मयूरी काकुळतीला आली. "मामा, केळी लावताना शेतकऱ्याची सगळ्यात मोठी चूक कोणती?"

फुकटात काढून घेते काय? मी काय कच्च्या गुरूचा चेला? "ते पुस्तकात आहे!"

"बरं, पानांवर करपा पडला तर?"

"तेही पुस्तकात!"

"पुस्तक लिहावंसं का वाटलं, एवढं तरी?"

"प्रस्तावनेत दिलंय!"

काय बाणेदार बोललो! शाल पांघरूनच घरी आलो.

पुढे एरंडोलकडचा एक शेतकरी दुकानात आला. "भाऊ, पॉडकास्टवर बोलनारा तुम्हीच ना?"

मी लगबगीनं पुस्तक पुढे केलं. "सही करून देऊ?"

"नही भाऊ, खत द्या. बठ्ठं, सगळंच आयकं मी. जे इचारं ते पुस्तकमा शे, पुस्तकमा शे. माले वाटनं, या माणूसले काहीच माहीत नही!"

पुस्तक गल्ल्याखाली सारलं. खत दिलं.

आखाजी उजाडली. गठ्ठे तिथेच. बायकोनं ते भिंतीशी रचले, वर माझी सत्काराची शाल अंथरली आणि बसायची बैठक केली. लेक आली, जावई आले, माहेरपणाला अक्काही आली. आल्या आल्या तिनं शाल ओढली.

"भाऊ, आण ती इकडे. टेबलावर अंथरायची असते, माइकखाली. तू उचललीस नि तुझा आवाज आडात बोलल्यासारखा घुमला. पोरीला लोक नावं ठेवतात."

उघडे पडलेले गठ्ठे बघून जावई म्हणाले, "पप्पा, एवढी पुस्तकं? खपली का नाहीत?"

मी तोंड उघडणार, तोच आमरसाची वाटी घेऊन बायको आली.

"तेवढं मात्र पुस्तकात नाही, जावईबापू!"