दाराखालचा ओला टॉवेल

निवृत्तीनंतर प्रथमच असे काही लिहितो आहे. चुकेल तेथे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

नंदुरबारात हिवाळा लागला की मोकळ्या पटांगणांवर लाल मिरची वाळत पडलेली असते. अशा गावात राहूनही आमच्या घरी कधी मिरची भाजली गेली नाही. पत्नी बाहेरून तयार तिखट आणीत असे, आणि कोणी विचारलेच तर ‘यांना खोकला होतो’ एवढेच सांगत असे. गेल्या वर्षी ती वारली. तिच्याबरोबर ही खबरदारीही गेली, हे माझ्या ध्यानात आले नाही.

सून जवळच्या रनाळे गावची. दिवाळीनंतर एका सकाळी तिने ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या. माझ्या घशाशी ठसका आला, आणि त्यानंतर जे केले ते मी विचार करून केलेले नाही. स्वयंपाकघराचे दार ओढून बाहेरून कडी लावली, टॉवेल भिजवून खालच्या फटीत कोंबला आणि दाराला पाठ टेकून बसलो. आत सून खोकत होती, दार वाजवीत होती. कडी मी काढली, पण उशिरा.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला तेव्हा सुनेची बॅग भरलेली होती. ‘मी या घरात सासऱ्यांना नकोशी आहे,’ असे तिने त्याला सांगितले. त्यालाही काही ठाऊक नव्हते.

मग मी खाली पाहत दोघांना सांगितले. मी तरुण शिक्षक असताना याच गावात दंगल झाली. माझ्या खोलीशेजारचे मिरचीचे गोदाम पेटले. धूर आत येऊ नये म्हणून मी दाराखाली ओले गोणपाट कोंबले. बाहेर कोणीतरी खोकत खोकत दार ठोठावीत होते. मी उघडले नाही. काही वेळाने ठोठावणे थांबले. ते कोण होते, हे मी आजवर कोणालाही विचारलेले नाही.

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. सून म्हणाली, “मामा, मन्हाकरता त कडी काढी ना तुम्ही.”

तिच्यासाठी तरी मी कडी काढली होती; पण त्याने ओझे उतरले, असे म्हणवत नाही. तिने बॅग मात्र रिकामी केली. आता ती मिरच्या अंगणातल्या चुलीवर भाजते, आणि आधी मला हाक मारून सांगते. मी ओट्यावर जाऊन बसतो. खोकला येतो. उठून दार लावून घ्यावे असे दर वेळी वाटते, आणि ते न लावता बसून राहण्यातच माझी सकाळ संपते.