नवरदेवाच्या मांडीवर एक्सल

चहा ओता आधी. मी माझ्याच हाताने माझं कसं हसं करून घेतलं, ते कोरड्या घशाने सांगता यायचं नाही. आणि कुंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, बोलावू नका. ती मधेच शेवट सांगून टाकते!

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासुरवाडी मुरबाडपलीकडे, सिद्धगडच्या पायथ्याशी. मेव्हण्याचं लग्न निघालं, मुलगी शहापूरकडची. वऱ्हाड सकाळी सासऱ्यांच्या पिकअपमधून निघायचं होतं. दुसरी गाडी नव्हती.

आदल्या दुपारी सासरे म्हणाले, "जावईबापू, गाडी मागनं थरथरते हो जरा."

झालं! मी काही दिवस गॅरेजात काढलेले. काय करायचो? पाने धुवायचो! पण सासुरवाडीत हे कशाला सांगायचं?

"एक्सल वाकलाय, चाकाचा दांडा," मी गाडीला हातही न लावता ठोकून दिलं.

"नाय, परवा लग्नाचं पाणी आणाय ओढ्यात घातली व्हती, म्हणून म्हटलं..."

"ओढ्याचा काय संबंध, मामा?"

सासऱ्यांनी जॅक काढून दिला. जावयाला उलट बोलायचं नाही म्हणजे नाही. मी सूर्य उत्तरेला उगवतो म्हणालो असतो, तरी त्यांनी अंथरुणं फिरवली असती!

अंगण नुकतंच सारवलेलं. त्यावर जॅक लावून मागचं चाक उचललं. शेजारी विटा रचून त्यावर खडू टेकवला. चाक फिरवताना खडूपासूनचं अंतर बदललं, तर एक्सल वाकडा. आणि बदललं ना हो! मी बघताबघता बदललं!

"जावईबापू, अंगण ओलं हाय अजून. त्यो जॅक रुततोय," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"अहो, अंगणाचा आणि एक्सलचा काय संबंध?"

"किती हुशार हाय गो जावय!" कुंदाची आत्या म्हणाली. मग काय, मी चाक काढलं आणि एक्सलही बाहेर ओढला. मुरबाडचा लेथवाला, म्हणजे यंत्रावर असे दांडे सरळ करून देणारा, नेमका गावी गेलेला. आता एक्सल शहापूरलाच न्यायला हवा.

सकाळी पिकअप विटांवर बसलेली आणि वऱ्हाड रस्त्यावर जीपची वाट बघत उभं. शेवटी एक जीप मिळाली. टपावर भांडी, आत माणसांवर माणसं. एक्सल कुठे ठेवायचा? नवरदेवाच्या मांडीवर! ग्रीस लागू नये म्हणून त्याला टॉवेल गुंडाळला. नवरदेवाला नव्हे, एक्सलला.

मांडवात पोचलो तेव्हा मुहूर्त टळत आलेला, भटजी अंतरपाट धरून ओरडताहेत. मुलीचा मामा नवरदेवाला म्हणाला, "अरे, हातात कट्यार धरायची असते. ह्ये काय धरलंय?"

"आमच्या दाजींनी दिलंय," मेव्हणा रडवेला होऊन म्हणाला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं!

अक्षता पडल्याबरोबर मी एक्सल घेऊन लेथवाल्याकडे पळालो. त्याने तो फिरवून खडू धरला. सगळीकडे सारखी गोल रेघ!

"सरळ हाय हा. वाकलाय असं कोण म्हणाला?"

"आहे एक जण," मी म्हणालो.

सासुरवाडीला परत येऊन एक्सल गुपचूप बसवला. सासऱ्यांनी गाडी पिटाळली. थरथर साफ गायब! "बघा, जावयानं कसा सरळ करून आणला!" आत्या म्हणाली. सगळे खूश. मीही खोटं कशाला बोला म्हणून गप्पच बसलो.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "चाकाच्या आत ओढ्याचा चिखल सुकून बसला व्हता. चाक काढलेलंच हाय म्हटलं, खुरप्यानं खरवडून टाकला."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. "मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय. ओढ्यात घातली का थरथरतेच ती."

"मग बोलला का नाहीत?"

"जावयाला कसं बोलायचं?"

अजूनही सासुरवाडीला निघालो की कुंदा आधी फोन करते. मला वाटायचं, माझ्यासाठी कोंबडी कापायला सांगत असेल. परवा कान देऊन ऐकलं.

"आई, हे येतायत गो. गाडी शेजारच्यांकडे लपवून ठेव."