भाऊ चूक सांगत नसत

भाऊ तुमच्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे, खिशातल्या पुडीतला एकेक शेंगदाणा तोंडात टाकायचे आणि स्क्रीनवरची चूक दिसली की म्हणायचे, “डोले हायत ना? मंग बघ.” चूक कुठे आहे ते मात्र सांगायचे नाहीत. तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल, बघा आठवून.

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर, मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस. गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं आणि तिथे जाऊन बसवून द्यायचं, हे आमचं काम. भाऊ उरणकडच्या एका गावचे. डिग्री नाही, केबल ओढता ओढता सगळं शिकले. पण ब्राउझरमधलं पान सर्व्हरशी का बोलत नाही, हे त्यांच्याइतकं झटकन कुणालाच कळत नसे.

माझ्या पहिल्याच आठवड्यात माझ्या पानाला सर्व्हर सापडेना. सकाळपासून मी सगळी सेटिंग्ज उलटीपालटी केली. जेवलेही नाही. संध्याकाळी साडेसहाला दिसलं की सर्व्हरच्या पत्त्यातल्या पोर्टच्या आकड्यात ८०८० ऐवजी ८००८ पडलंय. “सकालीच दिसलं मना,” भाऊ म्हणाले आणि सगळं ऑफिस हसलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तो आकडा मात्र पुन्हा कधी चुकला नाही, हेही खरं.

एका सहकाऱ्याचे वडील हॉस्पिटलमध्ये होते. तो बॅग घेऊन निघायला उभा, आणि नेमकं त्याच्या पानाचं सर्व्हरशी कनेक्शन तुटलेलं; ते जोडून दिल्याशिवाय निघता येईना. पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ जास्त होती. भाऊंना ती दिसली होती. त्याने अक्षरशः हात जोडले. “आज सांगलं तं उद्या परत इचारशील,” भाऊ म्हणाले. तो दोन तास उशिरा पोचला, तोवर वडिलांची शुद्ध गेली होती. आम्ही आठवडाभर भाऊंशी बोललो नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

मग उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या एका गोदामाचं काम आलं. गोदामाच्या गेटवरच्या कॉम्प्युटरवर ट्रेलरची नोंद करणारं पान चालू करून द्यायचं होतं. भाऊंची आधीची दोन कामं रखडली होती, म्हणून आमच्या साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत बजावलं होतं: हेही फसलं तर घरी बसा. भाऊ पन्नाशीला आलेले. दुसरीकडे त्यांना कोण घेणार होतं?

जाताना व्हॅनमध्ये त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी, थोडं सुकट माझ्या हातावर ठेवलं. “खा. तिथं काय मिलनार नाय.” मी खाल्लं.

गेटवर पान उघडलं आणि लाल अक्षरं आली: सर्व्हरशी संपर्क होत नाही. भाऊंच्या लॅपटॉपवर तेच पान छान चालत होतं. मला पाच मिनिटांत कळलं. तपासणीपुरता भाऊंनी सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता ‘हेच मशीन’ असा दिला होता आणि तो बदलायचा राहिला होता. त्यांच्या लॅपटॉपवर तपासणीचा सर्व्हरही होता, म्हणून तिथे चालत होतं. गेटचा कॉम्प्युटर बिचारा सर्व्हर स्वतःतच शोधत होता.

भाऊंनी केबल बदलली, फायरवॉल बंद केली, गोदामातला सर्व्हर तीनदा बंद-चालू केला. सेटिंगची फाइल मात्र त्यांनी उघडलीच नाही. पत्ता आपण बदललाच आहे याची त्यांना खात्री होती. बाहेर ट्रेलर खोळंबले, ड्रायव्हर शिव्या घालू लागले. भाऊ माझ्याकडे वळले.

“तुला काय दिसतंय का गो?” त्यांनी विचारलं.

“नाही भाऊ,” मी म्हणाले. मला मजा वाटत होती. आज त्या मजेची किळस येते.

दोन तासांनी साहेब स्वतः गाडी घेऊन आले. मी त्यांच्यासमोर फाइल उघडली, पत्ता बदलला आणि पान चालू झालं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मग भाऊंकडे न बघताच म्हणाले, “उद्यापासून तुम्ही येऊ नका.” मला म्हणाले, “चल, माझ्या गाडीतून ये.”

भाऊंनी मला गेटबाहेर गाठलं. “कवा दिसलं तुला?”

“आल्या आल्या.”

ते चिडतील असं वाटलं होतं. पण ते जवळ आले आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “सायबाला सांगशील काय, भाऊंना पन घावलेलं म्हणून? तुजं ऐकतील ते.”

“सांगते,” मी म्हणाले आणि साहेबांच्या शेजारी जाऊन बसले. गाडी वळली तेव्हा भाऊ रस्त्याच्या कडेला उभे होते, आता थांबेल, आपल्याला बोलावतील म्हणून गाडीकडे बघत. मी काच वर केली.